खलनायकाच्या खिजगणतीत कोण नाही? फँटसी लिहायला बसलेल्या नव्या मंडळींसाठी

फँटसीचं वेड असलेली चार माणसं एकत्र आली की हा वाद कधी ना कधी निघतोच, हिरो भारी की व्हिलन भारी. मग याच्याकडे अमुक मंत्र, त्याच्याकडे तमुक तलवार असं सुरू होतं आणि अख्खी रात्र जाते. वाचकाला ते परवडतं. पण तुम्ही स्वतः लिहायला बसलात की हाच प्रश्न मानगुटीवर बसतो, कारण तिथे अंदाज चुकला तर शंभर-दीडशे पानं वाया जातात, माझी गेली आहेत.

माझी पहिली मोठी गोष्ट कोकणातल्या एका वाड्यात घडते. तिथल्या देसायाकडे एक चोपडी आहे, गावात ज्याला पैसा, भात, औषध काहीही लागलं की तो आपलं नाव या चोपडीत गहाण टाकतो, आणि मग देसाई रात्री ओसरीवर बसून ज्याचं नाव पुकारेल तो झोपेतून उठून चालत येतो, सांगेल ते करतो आणि सकाळी त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. हा देसाई लिहिताना मला इतका आनंद होत होता की मी त्याला देतच गेलो. तीनशे नावं दिली, तीन पिढ्यांची गुपितं दिली, रात्रीचं आंधळ्यासारखं चालत येणारं सैन्य दिलं. समोर हिरो कोण, तर अठरा वर्षांचा एक पोरगा. १४०व्या पानावर तो पोरगा ओसरीसमोर उभा राहिला आणि माझ्याकडे त्याला द्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी गाभाऱ्यातून एक तळपती तलवार काढली आणि विषय मिटवला. ज्या मैत्रिणीला वाचायला दिलं ती एवढंच म्हणाली, "तलवार होतीच, तर पोराला १४० पानं कशाला वणवण फिरवलंस?" खूप लागलं मला ते. पण तिचं बरोबर होतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं मी जे जे वाचलं ते फक्त एवढंच शोधत वाचलं की हे पारडं नेमकं कुठे आणि कशामुळे झुकतं.

मला सापडलेलं उत्तर आधीच सांगून टाकतो. कागदावर फायदा जवळपास नेहमी व्हिलनचाच असतो आणि तो तसाच असू द्यावा. हिरोला जागा मिळते ती व्हिलन ज्याला हिशोबातच धरत नाही तिथे. ती जागा आधी ठरवायची, तलवारी नंतर. रामायण-महाभारताची उदाहरणं खाली बरीच येतील, त्यांना फँटसी म्हणा असा माझा बिलकुल आग्रह नाही, पण वरदान, शाप आणि त्यातल्या फटी शिकायला मला तरी याहून चांगली शाळा मिळाली नाही.

पायरी १ : व्हिलनचं भांडवल आकड्यात मांडा

वहीचं एक पान घ्या, मधोमध रेघ मारा, डावीकडे व्हिलन, उजवीकडे हिरो. डावीकडे "खूप शक्तिशाली" असं लिहू नका, त्याचा काही उपयोग होत नाही. किती माणसं, किती वर्षं, कोणती माहिती, कोणती जादू आणि ती दिवसातून किती वेळा वापरता येते, असं लिहा. महाभारतात बघा, कौरवांकडे ११ अक्षौहिणी, पांडवांकडे ७, आणि एका अक्षौहिणीत रथ २१,८७० आणि हत्तीही तितकेच. म्हणजे चार अक्षौहिणींची तूट. हा आकडा कानावर पडला की युद्धाच्या आधीच पोटात गोळा येतो.

आणि त्याच युद्धाच्या तयारीत तो द्वारकेचा प्रसंग आहे, तो लिहिणाऱ्याने परत परत वाचावा असा आहे. कृष्ण झोपलाय, दुर्योधन आधी येऊन उशाशी बसतो, अर्जुन मागून येऊन पायथ्याशी उभा राहतो. एकीकडे अख्खी नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारा एकटा कृष्ण. निवड आधी अर्जुनाची, तो कृष्ण मागतो, आणि दुर्योधन खूश होतो, मनापासून खूश होतो, कारण त्याच्या वहीत सैन्य मोजता येतं आणि सारथी मोजता येत नाही. तुमचं डावं पान भरून झालं की व्हिलनच्या नजरेने एकदा उजवं पान बघा, त्याला तिथलं काय काय रिकामं दिसेल? त्यावर पेन्सिलने खूण करून ठेवा, पायरी ४ला लागेल.

पायरी २ : पहिली खेळी व्हिलनला द्या

बहुतेक गोष्टींमध्ये हिरो सकाळी उठतो तेव्हा व्हिलन अर्धा डाव खेळून मोकळा झालेला असतो. द्यूताचं आमंत्रण हस्तिनापुरातून येतं, सीतेला पळवायचा बेत लंकेत ठरतो, हिरो फक्त उत्तर देत राहतो. माझ्या मते व्हिलनचा सगळ्यात मोठा फायदा हा आहे, जादूपेक्षाही मोठा, कारण त्याला काय हवंय ते त्याला माहीत असतं आणि हिरोला बिचाऱ्याला अजून हेही माहीत नसतं की आपण गोष्टीत आहोत. ब्रँडन सँडरसनच्या २००६ साली आलेल्या पहिल्या 'मिस्टबॉर्न' पुस्तकात तर गोष्ट सुरू होते तेव्हा सम्राटाला राज्य करून हजार वर्षं झालेली असतात, लोकांना दुसरं काही आठवतच नाही.

करायचं एवढंच, की व्हिलनने काम कधी सुरू केलं ती तारीख लिहा आणि हिरोला पहिल्यांदा कळलं ती तारीख लिहा. मधलं अंतर चार दिवसांचं असेल तर वाढवा.

पायरी ३ : हिरोच्या पायातली बेडी कोणती?

व्हिलन खोटं बोलू शकतो, पोराबाळांना ओलीस ठेवू शकतो, दिलेला शब्द फिरवू शकतो. हिरोला हे जमत नाही, किंवा जमलं तर त्याची किंमत पडते, आणि ही किंमत नवे लेखक जवळपास कायम विसरतात. जॉर्ज मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स' कादंबरीत नेड स्टार्क या सरळमार्गी सरदाराला राणी सर्सीचं गुपित कळतं, की तिची मुलं राजाची नाहीत, आणि तो काय करतो, तर राजाला सांगायच्या आधी तिलाच जाऊन सांगतो, तुझ्या मुलांना घेऊन निघून जा म्हणून, कारण मुलांच्या जिवावर बेतेल हे त्याला सहन होत नाही. चांगुलपणाच तो, पण त्याने तिला वेळ मिळाला आणि याची मान गेली. मी तो भाग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं, दोन दिवस हात लावला नाही.

उलट बाजूने, हिरोने बेडी तोडली तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे धर्मराज. द्रोण आवरत नाहीत, तेव्हा भीम अश्वत्थामा नावाचा हत्ती मारतो आणि युधिष्ठिर ते अर्धवट सत्य बोलतो, ज्यावरून आपण आजही "नरो वा कुंजरो वा" म्हणतो. त्या आधी त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. ते वाक्य तोंडातून गेलं आणि रथ खाली टेकला. बस, एवढंच. कोणी शिक्षा करत नाही, कोणी भाषण देत नाही, डाव जिंकला जातो आणि रथाची चाकं इतरांसारखी धुळीतून चालायला लागतात.

तर वहीत लिहा, माझा हिरो कोणती एक गोष्ट मेला तरी करणार नाही, आणि केलीच तर त्याचं नेमकं काय कायमचं जाईल. "त्याला वाईट वाटेल" हे उत्तर धरायचं नाही. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी जायला हवं.

पायरी ४ : खिजगणती

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन दिवस लागले तरी चालतील.

रावणाने ब्रह्मदेवाकडे वर मागितला तेव्हा देव, दानव, यक्ष, नाग, राक्षस अशी भलीमोठी यादी दिली, या कोणाकडून मला मरण नको. माणूस त्या यादीत नव्हता, कारण माणसं म्हणजे त्याच्या लेखी गवताची काडी. फट राहिली ती विसराळूपणाने राहिलेली नाही, तुच्छतेने राहिली, आणि हा फरक लिहिणाऱ्यासाठी फार मोठा आहे. विसराळू व्हिलन वाचकाला बावळट वाटतो. तुच्छ लेखणारा व्हिलन खरा वाटतो, कारण अशी माणसं आपण सगळ्यांनी ऑफिसात, सोसायटीत, लग्नकार्यात पाहिलेली असतात.

आता हीच गोष्ट हजारो मैल लांब इंग्लंडात लिहिल्या गेलेल्या पुस्तकात बघा. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये, म्हणजे १९५४-५५ सालची ती तीन पुस्तकं, खलनायक सॉरॉनचा सेनापती विच-किंग याच्याबद्दल भाकीत आहे की तो कुठल्या पुरुषाच्या हातून पडणार नाही. रणांगणात त्याच्यासमोर पुरुषाच्या वेशातली एओविन उभी राहते, आणि मागे चिखलात मेरी नावाचा हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला एक जण, पडलेला असतो, ज्याच्याकडे तो चिखलातल्या किड्याइतकंही लक्ष देत नाही. मेरी मागून गुडघ्यात पातं घुसवतो, एओविन समोरून वार करते, संपलं. एक बाई आणि एक बुटका, दोघंही त्याच्या खिजगणतीत नव्हते.

आणि मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण म्हणजे हॅरी पॉटरमधला क्रीचर. खलनायक वोल्डेमॉर्ट आपल्या आत्म्याचा एक तुकडा लॉकेटमध्ये घालून समुद्राकाठच्या गुहेत लपवतो, बंदोबस्त नीट झालाय का ते तपासायला त्याला एक घरगडी एल्फ हवा असतो. रेग्युलस नावाचा त्याचा अनुयायी आपला क्रीचर देतो. वोल्डेमॉर्ट त्याला गुहेतलं विषारी पेय पाजतो आणि तिथेच मरायला सोडून निघून जातो, मागे वळूनही बघत नाही. पण रेग्युलसने क्रीचरला सांगितलेलं असतं की काम झालं की घरी ये, आणि एल्फची जादू माणसांच्या जादूसारखी नसते, गुहेतून माणूस सुटू शकत नसला तरी क्रीचर धन्याच्या हुकमाने सरळ घरी येतो. जगातल्या सगळ्यात हुशार काळ्या जादूगाराच्या डोक्यात हा विचारच आला नाही की नोकराकडे स्वतःची अशी काही जादू असेल! सगळे बंदोबस्त केले, आणि ज्याच्या हातात भांडं दिलं त्यालाच मोजलं नाही.

म्हणून पायरी १च्या पेन्सिलच्या खुणा समोर ठेवा आणि डाव्या पानाखाली तीन ओळी लिहा. व्हिलनला पाणी कोण देतं? तो कोणाचं नाव कधीच विचारत नाही? कोणाच्या देखत तो गुपितं बिनधास्त बोलतो? उत्तरं मिळाली की तुमची फट तिथेच आसपास आहे.

माझ्या देसायाचं सांगतो. मी वाड्यात रोज कोण येतं-जातं ते लिहायला घेतलं आणि एक बाई सापडली जी पहिल्या खर्ड्यात फक्त दोनदा आली होती, दोन्ही वेळा हंडा घेऊन. पस्तीस वर्षं वाड्यावर पाणी भरते. तिचं नावही चोपडीत आहे, नवऱ्याच्या आजारपणात गहाण पडलेलं, सुमती. आणि मग मला आठवलं, आपल्याकडे कितीतरी घरांत लग्नात मुलीचं नाव बदलायचे, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवं नाव लिहायचे. म्हणजे सुमती हे नाव सासरचं, लग्नात मिळालेलं. तिचं पहिलं नाव, आईने बारशाला पाळण्यात ठेवलेलं, ते कधी गहाण पडलंच नाही, कारण ते विचारायचं देसायाला सुचलं नाही, आणि खरं तर कोणालाच सुचलं नाही. देसाई रात्री "सुमती" अशी हाक मारतो तेव्हा बाई चालत येते, पण तिच्या आत एक आठ वर्षांची मुलगी जागी असते जी सगळं बघते आणि सकाळी सगळं आठवते.

हे सुचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी उठून गॅलरीत फेऱ्या मारत होतो. देसायाचं एकही बळ मी कमी केलं नाही, उलट दोन-चार नावं वाढवलीच.

पायरी ५ : पोपट लवकर दाखवा

लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत राक्षसाचा जीव सातासमुद्रापलीकडे पोपटात असतो. आणि तो पोपटाचा पत्ता सांगतो कोण? राक्षस स्वतः, राजकन्येने लाडीगोडीने विचारल्यावर. आपण लहानपणी त्याला मूर्ख म्हणायचो, पण आता वाटतं की एवढा मोठा वाडा, कोणी बोलायला नाही, आणि एक जण आपुलकीने विचारतंय की तुमच्या जिवाला काही धोका तर नाही ना, तर माणूस सांगेलच की.

लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते असं, की फट वाचकाला गोष्टीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच दिसली पाहिजे, पण फट म्हणून ओळखू येता कामा नये. तांदळाचं ताट मी आता १८व्या पानावर ठेवलंय, एका लग्नाच्या सीनमध्ये, मिठाई आणि रुसवेफुगवे यांच्या गर्दीत. हिरोला जी गोष्ट वाचवणार आहे ती वाचकाने आधी बघितलेली असली की शेवटी तो "अरे हो!" म्हणतो, नाहीतर तलवारीसारखं "हे कुठून आलं?" म्हणतो.

पायरी ६ : माणसं कुठून कुठे जातात ते बघा

फितुरीचा हिशोब वेगळा ठेवा. लंकेतून बिभीषण रामाकडे येतो, आणि इंद्रजिताचा निकुंभिलेतला यज्ञ पुरा व्हायच्या आत त्याला गाठा हे तोच सांगतो, लक्ष्मणाचा विजय तिथून सुरू होतो. युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर धृतराष्ट्राचाच मुलगा युयुत्सू पांडवांकडे जातो. भीष्म लढतात कौरवांकडून, पण मला कसं पाडायचं हे पांडवांनी येऊन विचारल्यावर स्वतःच सांगतात, आणि दहाव्या दिवशी शिखंडीला पुढे करून अर्जुन त्यांना पाडतो. पगारावर, भीतीवर, मिठाला जागण्यावर उभं केलेलं सैन्य मोठं असतं पण त्यातल्या कितीतरी जणांचं मन दुसरीकडे असतं.

पण हे एकतर्फी करू नका हं, तिथे गोष्ट गुळमट होते. शल्य हा नकुल-सहदेवांचा सख्खा मामा, निघालेला पांडवांकडे, वाटेत दुर्योधनाने त्याची इतकी बडदास्त ठेवली की त्याने न कळता शब्द दिला आणि कौरवांकडून लढायला लागला. पुढे कर्णाचा सारथी होऊन त्याने कर्णाचंच खच्चीकरण केलं ते वेगळं. तुमच्या गोष्टीतही हिरोकडचा एखादा चांगला माणूस जेवणावळीला भुलून तिकडे जाऊ द्या.

पायरी ७ : शेवटच्या क्षणी हिरो कमी पडला तरी चालेल

मला विचाराल तर फँटसीतला सगळ्यात धाडसी शेवट टॉल्किनचाच. सॉरॉनची ताकद ज्या अंगठीत आहे ती ज्वालामुखीत टाकून नष्ट करायचं काम फ्रोडो या हॉबिटवर असतं. तो इतकं सगळं सोसून, उपाशीतापाशी ज्वालामुखीच्या तोंडाशी पोचतो आणि तिथे अंगठी टाकत नाही. माझी आहे म्हणतो आणि बोटात घालतो. त्या क्षणी सॉरॉन जिंकलेला असतो. मग अंगठीच्या लोभाने मागावर असलेला गॉलम झडप घालून त्याचं बोटच तोडतो, आणि अंगठी मिळाल्याच्या आनंदात नाचता नाचता कड्यावरून खाली जातो. पण गॉलम तिथे जिवंत का असतो? फ्रोडोच्या नात्यातल्या बिल्बोने कित्येक वर्षांपूर्वी मारायची संधी असताना दयेने सोडलेलं असतं, नंतर फ्रोडोनेही सोडलेलं असतं, आणि अगदी डोंगरावर फ्रोडोचा सोबती सॅम यानेसुद्धा. तीन वेळा केलेली दया, जी त्या त्या वेळी नुसता धोका वाटत होती.

आणि सॉरॉन का हरतो? त्याने सगळा बंदोबस्त केलेला असतो तो अंगठी कोणी वापरेल याचा. एवढी ताकद हातात आल्यावर कोणी ती नष्ट करायला निघेल हे त्याला सुचूच शकत नाही. सहा हजारांहूनही कमी माणसं घेऊन ॲरागॉर्न, म्हणजे फ्रोडोच्या बाजूचा राजा, त्याच्या दाराशी येतो तेव्हाही त्याला वाटतं की अंगठी यांच्याकडेच आहे आणि हे माजलेत, म्हणून तो सगळी नजर तिकडे लावतो. आपल्यासारखाच लोभ सगळ्यांना असणार हा त्याचा हिशोब होता.

तुमच्या गोष्टीत हे आणायचं तर क्लायमॅक्स लिहायच्या आधी मागे जाऊन बघा, हिरोने कुठे काही असं केलंय का जे त्या वेळी तोट्याचं होतं. नसेल तर आधी ते लिहा.

पायरी ८ : फक्त व्हिलनचे सीन सलग वाचा

खर्डा झाला की व्हिलनचे सगळे सीन वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि एका बैठकीत वाचा, त्याचा दिवाणजी असल्यासारखे वाचा. कुठे तुम्हाला "मालक, हे करू नका, सरळ मारून टाका" असं ओरडावंसं वाटलं, तर तिथे तुम्ही हिरोला वाचवायला व्हिलनचं डोकं काढून घेतलंय, तो सीन परत लिहा. मला पहिल्या वाचनात अशा सहा जागा सापडल्या. एका ठिकाणी देसाई पोराला खोलीत कोंडून अर्धा तास स्वतःची योजना ऐकवत होता. आता त्या सीनमध्ये तो पोराशी एक अवाक्षर बोलत नाही, फक्त दाराशी हंडा घेऊन थांबलेल्या बाईला सांगतो, "याला उद्या सकाळपर्यंत पाणी द्यायचं नाही," आणि चोपडी कुठे ठेवायची तेही तिच्याच देखत गड्याला सांगून निघून जातो. बाई मान खाली घालून "होय जी" म्हणते.